बस्ता बांधण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं, की आपल्याकडे सुपाऱ्या फुटायला लागतात. मग याद होते आणि ती झाली की बस्ता. बस्त्याच्या दिवशी दोन जीपगाड्या भरून माणसं तालुक्याला जातात, दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसतात, चहा होतो, थंडा होतो आणि समोर साड्यांचा ढीग पडतो. त्या ढिगाविषयीच आज आम्ही बोलणार आहोत.

निमित्त घडलं ते आमच्याच गटाच्या बैठकीत. एका बाईने कर्ज मागितलं. कर्जाच्या वहीत कारण लिहावं लागतं, म्हणून आम्ही विचारलं. ती म्हणाली, "पोरीचं लग्न." लग्नातलं काय, असं विचारल्यावर जरा थांबून म्हणाली, "शालू." आता शालू तर नवरदेवाकडचे घेतात. मग तिने खरं ते सांगितलं. नवरदेवाकडचे घेणार ती साडी साधी आहे. पोरीला पैठणी हवी आहे, येवल्याची. वरचे पैसे मुलीकडच्यांनी घालावेत असं ठरलंय.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, एका दिवसाच्या साडीसाठी कर्ज कसलं काढायचं? दुसरा म्हणाला, लग्न एकदाच होतं आणि पैठणी ही तर आपली परंपराच आहे. मग आमच्यातल्या एक आजी हसल्या. "कुणाची परंपरा? माझ्या आईने, आजीने पैठणी बघितलीसुद्धा नव्हती." त्या एका वाक्याने आम्ही अडखळलो. नवरीने काय नेसायचं, हे आजपर्यंत कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, ते शोधून बघू या असं ठरलं. शोधलं ते तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की नवरीची पसंती हा प्रकारच फार जुना नाही. आमच्या आजींना त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा रंग आठवतो, काठ आठवतो. ते कुणी निवडलं, ते आठवत नाही. कारण त्यांना दुकानात नेलंच नव्हतं. त्याही आधीच्या पिढ्यांत तर नवरी म्हणजे पोरच. आनंदीबाई जोशी, पुढे ज्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं. रमाबाई रानडे यांचं अकराव्या वर्षी, १८७३ साली. ही शहरातली, शिकल्यासवरल्या घरांतली गत. खेड्यात काय असेल ते आपण ओळखतोच. एवढ्या लहान पोरीला नऊवार लुगडं सावरणारही नाही. तिच्यासाठी छोटं लुगडं असायचं, त्याला चिरडी म्हणत. लग्नात जे अंगावर गुंडाळलं ते तिने गुंडाळून घेतलं. अंगात ताप असेल, झोप आली असेल, तरी अक्षता पडेपर्यंत बसली.

१९२९ साली कायदा झाला, ज्याला शारदा कायदा म्हणतात. मुलीच्या लग्नाचं वय त्याने चौदा केलं. १९७८ साली ते अठरा झालं. अठरा वर्षांची मुलगी दुकानात बसून "हा रंग नको, तो दाखवा" म्हणू शकते. आठ वर्षांची काय म्हणणार? तेव्हा बस्त्याला नवरीला सोबत न्यायची रीत ही कुणा दुकानदाराने किंवा टीव्हीने आणलेली नाही. मुलींचं वय वाढलं, शाळा वाढली, त्यातून ती आली. म्हणून आमच्यातल्या कुणी जेव्हा म्हणतं, "आजकालच्या पोरींचे नखरे," तेव्हा आम्हाला ते फारसं पटत नाही. नखरे करायला मिळाले, हीच नवी गोष्ट आहे.

आता साडीकडे येऊ. नवरीचं सगळ्यात जुनं वस्त्र कोणतं, असं विचाराल तर पिवळं. पिवळं सुती, हळदीचं. गौरीहरापुढे बसताना मामाकडची पिवळी साडी नेसायची, तिला अष्टपुत्री म्हणतात. नाव कुठून आलं ते सांगायला नको. आठ पुत्र व्हावेत, हा आशीर्वाद. आठ मुली व्हाव्यात असा आशीर्वाद देणारी साडी अजून कुणी विणलेली नाही. पण ते सोडा. कापड म्हणून बघितलं तर ही साडी गरिबाला परवडणारी होती. साधं सुती कापड, घरची हळद. हळदीचा रंग कच्चा. दोन उन्हं लागली, दोन धुणी झाली की फिकट व्हायचा. तेव्हा पक्के रंग हवे असतील तर रंगाऱ्याकडे जावं लागे. निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, हे रंग कष्टाचे आणि पैशाचे. १८५६ साली इंग्लंडात पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला आणि मग चाळीसेक वर्षांत लाल, निळा, सगळेच रंग कारखान्यात व्हायला लागले. जे रंग श्रीमंतांच्या अंगावर दिसायचे ते बाजारच्या दिवशी पालावर मिळू लागले. आपल्या गावोगावच्या रंगाऱ्यांचा धंदा मात्र त्याने बुडाला. आडनावं तेवढी राहिली.

पैठणीचं काय, ते आता सांगतो. हा भाग जरा लांबणार आहे, कारण भांडण त्यावरूनच सुरू झालं होतं.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, गोदाकाठचं, सातवाहन राजांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तेही आहे. गंमत म्हणजे त्याने पैठणहून जाणारा माल म्हणून मौल्यवान खडे सांगितले आहेत आणि तेरहून जाणारा माल म्हणून कापड. साधं कापडही आणि तलम मलमलही. हा माल गाड्यांत घालून वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदरात नेत. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांच्या हातच्या सुताचं कापड तेव्हा समुद्रापार जात होतं. तेरच्या नावाने आज कुणी साडी ओळखत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

पैठणी हे रेशमाचं आणि जरीचं काम. तिचं खरं कौशल्य पदरात आहे. पदरावरचा मोर किंवा वेल ही वरून भरलेली नसते, छापलेली नसते. विणकर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर घेतो आणि एकेका ओळीत, जिथे तो रंग हवा तेवढ्याच जागेत तो धागा फिरवून परत आणतो, शेजारच्या रंगात अडकवतो. त्यामुळे पदर उलटा केला तरी तसाच दिसतो. एका पदराला कित्येक दिवस लागतात. भरगच्च पदर असेल तर महिने. असलं कापड कोण घेणार? राजे, सरदार, सावकार. पेशव्यांच्या काळात पुण्याला त्याची चलती होती, नंतर हैदराबादच्या निजामाच्या घराण्याने आश्रय दिला. येवल्याला रघोजी नाईकांनी विणकर आणून वसवले असं तिथे सांगतात. आज पैठणपेक्षा येवल्यातच माग जास्त वाजतात. पण एक मोठा काळ असा गेला, की राजेही गेले, सरदारही गेले आणि पैठणी विणणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली.

मग ती परत आली कशी? सरकारी केंद्रं निघाली, प्रदर्शनं झाली, शहरातल्या नोकरदार बायका घेऊ लागल्या. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि एक कारण तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. २००४ पासून संध्याकाळी टीव्हीवर 'होम मिनिस्टर' लागायला लागलं. एक भावजी घरात यायचे, खेळ घ्यायचे आणि जिंकेल तिला पैठणी मिळायची. चूल बंद ठेवून आपण ते बघितलंय. ज्या घरात कधी पैठणी आली नव्हती, त्या घरात ती स्वप्न म्हणून आली. यात वाईट काही नाही. पण 'आपली पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' म्हणून जी पैठणी आपल्याला दुकानात दाखवतात, ती बहुतेक घरांत वीस वर्षांपेक्षा जुनी नाही. आजी हसल्या त्या यासाठी.

मग आपल्या आज्या-पणज्या नेसायच्या काय? इरकल. बागलकोटजवळच्या इळकल गावचं लुगडं, आपल्या तोंडी इरकली. अंग सुती, पदर तेवढा लाल रेशमी, पांढऱ्या नक्षीचा. त्यात एक शहाणपण आहे. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. दोन्ही धागे एकमेकांत फास घालून जोडतात आणि पुढे विणतात. रेशीम महाग, म्हणून ते जिथे दिसायचं तिथेच, पदरात. बाकी अंग सुती, घाम शोषणारं, शेतात चालणारं. लग्नातलं इरकल लग्नानंतर पेटीत ठेवायचं आणि सणावारी काढायचं, मग पाचसात वर्षांनी रोजच्या नेसणीत यायचं. चोळीला गुळेदगुड्डचा खण. विदर्भात नागपुरी लुगडी, करवतकाठी. सोलापूरकडे तिथल्या मागाची. हे सगळं नवरीचं कापड होतं, आपल्याच बाजारात मिळणारं, आणि त्याची परंपरा म्हणून जाहिरात कुणी केली नाही.

हिरवा रंग चुड्यामुळे मानाचा. काळा मात्र लग्नात चालत नाही. तीच काळी चंद्रकळा पहिल्या संक्रांतीला सासरी कौतुकाने नेसवतात. जानेवारीत चालणारा रंग मे महिन्यात अशुभ का होतो, याचं उत्तर आम्हाला आजवर कुणी धड दिलेलं नाही.

आता कर्जाची गोष्ट. इथे आम्हाला वाचताना धक्का बसला, म्हणून सविस्तर सांगतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांना वेढा घातला. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. ते बाहेर काढून जाळले. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. सरकारने चौकशीला आयोग नेमला. तेव्हाही साहेब लोक आणि शहाणे लोक एकच सांगत होते, की कुणबी कर्जबाजारी होतो तो लग्नाच्या उधळपट्टीने. लग्नं, जेवणावळी, कपडेलत्ते. आयोगाने हिशेब तपासले आणि काय निघालं? लग्नाच्या खर्चाला नको इतका दोष दिला जातो, असं आयोगानेच नोंदवलं. लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो हे खरं, पण लग्न कधीतरी येतं. कर्ज फुगतं ते रोजच्या बारीक बारीक उचलीने. खायला धान्य, पेरायला बी, बैल, सरकारचा शेतसारा. हे सगळं उधारीवर आणि त्यावर व्याज.

बायांनो, दीडशे वर्षांपूर्वीचं हे आहे. गरिबाने मुलीला एक चांगलं लुगडं घेतलं की त्याला उधळ्या म्हणायचं आणि व्याज लावणाऱ्याला काहीच म्हणायचं नाही, ही रीत तेव्हापासूनची. म्हणून आमच्या गटात जेव्हा कुणी चटकन म्हणालं, "साडीसाठी कर्ज कसलं," तेव्हा आमच्यातल्या काहींना राग आला तो उगाच नव्हता. खताला कर्ज चालतं, मोटारीला चालतं, पोरीच्या हौसेला नाही. पण दुसरी बाजूही त्याच कागदात आहे. आयोगाने लग्नखर्चाला मूळ म्हटलं नाही, तरी बाकीवरच्या हिशेबात ती रक्कम आहेच, असंही लिहिलंय. आधीच उचल असलेल्या घरात शालूची रक्कम पडली, की ती एकटी राहत नाही. मागच्या व्याजाला जाऊन मिळते.

त्याच काळात पुण्यात दुसरी वाट काढणारी माणसं होती. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीने पहिलं लग्न लागलं. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. भटजी नाही, दक्षिणा नाही, मानपान नाही, पानसुपारीवर लग्न. नवरा-नवरी दोघांनी एकमेकांना वचन द्यायचं. वर सांगितलं, रमाबाई रानड्यांचं लग्नही याच वर्षातलं. एकाच शहरात, एकाच वर्षात, लग्नाच्या या दोन तऱ्हा. त्या सत्यशोधक नवरीने काय नेसलं होतं, ते सांगणारी नोंद आम्हाला मिळाली असती तर फार आवडलं असतं. लग्नातली माणसं, भाषणं, तारखा लिहिल्या जातात. साडी लिहायची कुणाला सुचत नाही.

आणि आता महाड. लग्नाचा इतिहास सांगताना महाड कशाला, असं वाटेल. पण नेसणीविषयी एवढं स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेलं आम्हाला सापडलं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर खास बायकांशी बोलले. तुमच्या लुगड्याच्या नेसणीवरून तुमची जात ओळखू येते, म्हणाले. गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं, गळ्यात हातात चांदीचे, कथलाचे जड दागिने ही खूण आहे, ती टाका. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा, त्याला काही जास्त पैसे पडत नाहीत. सभेला आलेल्या बायकांनी लगेच नेसण बदलायला सुरुवात केली. विचार करा, कापड तेच आहे. एका दोऱ्याचाही फरक नाही. फक्त ते कुठवर न्यायचं, ते बदललं. तेवढं बदलायलाही हिंमत लागत होती, कारण गावात परतल्यावर त्याच पायघोळ लुगड्याने पाटलाच्या वाड्यापुढून जायचं होतं.

पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि बौद्ध घरांत लग्नाचं वस्त्र पांढरं झालं. पांढरी साडी, पांढरा सदरा. बाकी गाव पांढऱ्याला विधवेचा रंग म्हणत होतं, तेव्हा या घरांतल्या नवऱ्या पांढरं नेसून बोहल्यावर नव्हे, बुद्धाच्या प्रतिमेपुढे उभ्या राहिल्या. आता त्यातही जरीकाठ आलाय, काही ठिकाणी स्वागताला दुसरी रंगीत साडी आलीय. ते काळाप्रमाणे होणारच.

पांढऱ्यावरून गोव्याची आठवण झाली. तिकडच्या ख्रिस्ती नवऱ्या चर्चमध्ये पांढरा झगा घालतात. ती रीत युरोपातली. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी १८४० साली पांढऱ्या झग्यात लग्नाला उभी राहिली आणि तिकडे त्याची लाट आली. पण गोव्याच्या नवरीच्या पेटीत एक लाल वस्त्रही असतं, त्याला 'सादो' म्हणतात. धर्म बदलला, झगा आला, पण लाल रंग काही कुणी सोडला नाही.

खादीचा काळ आला आणि गेला. इंदिरा गांधींनी १९४२ साली लग्नात फिकट गुलाबी खादीची साडी नेसली. सूत वडिलांनी तुरुंगात कातलेलं. फोटो बघितला तर लक्षात येतं, की अंगावर सोन्यापेक्षा फुलं जास्त. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या कित्येक घरांत तशी लग्नं झाली. त्याच सुमाराला महायुद्ध चालू होतं, कापड मिळेना, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. नऊवाराला लागणारं कापड परवडेना झालं, तेव्हा पाचवारी गोल साडीने घरात पाय ठेवला. आधी मास्तरणी आणि नर्सबाई, मग लेकी, मग सुना. मुंबईच्या गिरण्या होत्याच, इचलकरंजीला १९०४ पासून यंत्रमाग आला होता. पुढे नायलॉन आलं. धुवा, वाळवा, इस्त्री नको! आमच्यापैकी दोघीतिघींच्या आयांनी लग्नात नायलॉनच नेसलं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. भर वैशाखात, होमाजवळ, नायलॉन! आज आपण हसतो, पण तेव्हा ती मुंबईची साडी होती.

आणि आता शिवलेली नऊवारी मिळते, चोळणा चढवावा तशी चढवायची. आजी म्हणतात, ते लुगडं नव्हे, विजार आहे.

एवढं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग घ्यायचं काय? ते आम्ही कसं सांगणार. पण दुकानात बसल्यावर फसू नये, एवढं सांगता येतं.

'सेमी पैठणी' म्हणतात ती मागावरच्या पैठणीसारखी दिसते, पण यंत्रावरची असते. ती वाईट नाही, स्वस्त आहे आणि सुंदरही असते. फक्त दुकानदाराने ती हातमागाची म्हणून हातमागाच्या भावात देऊ नये. पदर उलटा करून बघा. मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबत असतील किंवा कापलेली टोकं हाताला लागत असतील, तर ती यंत्रावरची. दोन्ही बाजूंनी मोर सारखाच दिसत असेल आणि नक्षीत कुठेतरी बारीकसा उन्नीसबीस फरक असेल, तर हाताची. रेशमाचं म्हणाल तर काठाच्या आतला एखादा सुटा धागा मागून घ्या आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडल्यावर राख झाली तर रेशीम. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. दुकानदार धागा द्यायला तयार नसेल, तर त्यावरूनही काय ते कळतंच. रेशमाला 'सिल्क मार्क'ची आणि हातमागाला 'हँडलूम मार्क'ची चिठ्ठी असते, ती मागा. जरी खरी आहे का, ते विचारा. खरी जरी म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. तांब्याची तार असते, नुसती चकाकणारी प्लास्टिकचीही असते. भाव त्याप्रमाणे हवा.

दुसरी गोष्ट कागदाची. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले, की लग्नात नवरीला ज्या भेटी मिळाल्या त्यांची यादी करायची. काय दिलं, अंदाजे किंमत काय, कुणी दिलं, त्याचं नातं काय, सगळं लिहायचं आणि नवरा-नवरी दोघांनी सही करायची. नवरीची यादी नवरीकडे राहते. आपण याद करतो तेव्हा कोण काय देणार ते लिहितो, पण तो कागद पुरुषांच्या खिशात जातो. शालू, पैठणी, दागिने, भांडी या यादीत आली तर पुढे घरात काही बिनसलं, तेव्हा "ती साडी आमचीच" असं म्हणायला जागा राहत नाही. लग्नाच्या घाईत हे करायला सगळ्यांना संकोच वाटतो. आमच्या गावात आतापर्यंत दोनच मुलींनी केली आहे.

आणि लग्न झाल्यावर साडीचं काय होतं? सुती लुगड्याची वाकळ व्हायची. आईच्या लग्नातलं इरकल लेकराच्या अंगाखाली यायचं, मऊ होऊन. जुन्या पैठण्यांचं दैव वाईट. गावोगाव 'जुनी जरीची साडीऽऽ' म्हणत फेरीवाले यायचे, अजूनही येतात. बदल्यात स्टीलची पातेली द्यायचे. ते त्या साड्या जाळून जरीतली चांदी काढत. कुणाचा तरी महिन्या-महिन्यांचा पदर असा चिमूटभर चांदी होऊन गेला. आजचा शालू बहुतेक कपाटात राहतो, डांबरगोळ्यांत, घडीवरच फाटतो. ज्यांच्या घरी अशी साडी आहे, त्यांनी वर्षातून दोनदा तरी घडी बदलून ठेवावी, जरीची बाजू आत करून सुती फडक्यात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको.

आमच्या बैठकीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. पुढच्या वेळी मायलेकी दोघी आल्या. आम्ही मुलीलाच विचारलं, तुला पैठणीच का हवी? ती म्हणाली, शेजारच्या ताईची बघितली होती, हिरवी, मोराच्या पदराची. हातमाग, यंत्र, हे तिला माहीतच नव्हतं. तिने पदर उलटा करून बघायचं शिकून घेतलं. नंतर होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन करून बोलली. तो म्हणाला, आमच्या बजेटात यंत्रावरची बसते, ती घेऊ. आई मात्र ऐकेना. तिचं म्हणणं, लेकीला एकदा तरी खरी नेसवायची. मायलेकींचं तिथेच वाजलं आणि बैठक संपेपर्यंत मिटलं नाही. शेवटी आईने मागितलं होतं त्याच्या निम्मं कर्ज घेतलं, बाकीचे शेळ्या विकून उभे करते म्हणाली. बरोबर की चूक, यावर आमचं आमच्यातच अजून एकमत नाही. दहा महिन्यांचे हप्ते पडलेत. वहीत कारणाच्या रकान्यात सचिवताई सवयीने 'लग्न' लिहायला लागल्या होत्या. ती बाई म्हणाली, "लग्न नको लिहू. साडी लिही."

तर मैत्रिणींनो, तुमच्या लग्नात तुम्ही काय नेसलं होतं, ते कुणी निवडलं आणि आज ते कापड कुठे आहे, हे आम्हाला केंद्रावर येऊन सांगा किंवा चिठ्ठीवर लिहून गटाच्या ताईकडे द्या. घरात साठ-सत्तरच्या पुढच्या आज्या असतील तर त्यांचं आधी विचारून घ्या. पुढच्या वेळी रुखवताविषयी बोलू. नमस्कार.